वसुधाचा पिवळा टी-शर्ट

जुलैतल्या तिसऱ्या शनिवारी सकाळी चंद्रशेखर निमिषच्या घरी टीव्हीवर टूर द फ्रान्स ही सायकलची रेस बघायला गेला. आठ वर्षं तो बायकोला, वसुधाला, या दारात उतरवून पुढे कॉस्टकोत सामान आणायला जात आला होता. आत कधी आला नव्हता. वसुधा फेब्रुवारीत गेली, आणि या वर्षी निमिषचा फोन आला, "काका, आधीच्या वर्षीचा विनर नव्या विनरला पिवळा टी-शर्ट देतो, अशी आपली पद्धत आहे. काकूंच्या वतीने तुम्ही द्या. आणि त्याआधी एकदा तरी बघायला या." नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या दहा-बारा मराठी माणसांचा तो खेळ होता. टूर चालते तीन आठवडे. रोज सकाळी रेस सुटायच्या आधी प्रत्येकाने ग्रुपवर एका सायकलपटूचं नाव टाकायचं. तो त्या दिवशी पहिला आला तर दहा गुण, दुसरा आला तर नऊ, असं खाली खाली. एकदा घेतलेलं नाव पुन्हा घ्यायचं नाही. शेवटच्या रविवारी ज्याचे गुण जास्त, त्याला पिवळा टी-शर्ट.

गेल्या वर्षी वसुधा जिंकली होती. किमो चालू होती. टी-शर्ट एक्स्ट्रा लार्ज, तिच्यासारख्या दोघी त्यात मावल्या असत्या, तरी ती तो घालून हॉस्पिटलला जायची. नर्सना सांगायची, मी टूर द फ्रान्स जिंकले. तिचं ते शेवटचं हसणं-खिदळणं होतं. फ्युनरल होममध्ये तिच्या मैत्रिणीने, शैलजाने, तिला हिरवी साडी नेसवली, बांगड्या भरल्या, आणि चंद्रशेखरने वर तो टी-शर्ट घडी करून ठेवला. शैलजा म्हणाली, "भाऊजी, हे नको." तो म्हणाला, "राहू दे." टी-शर्ट तिच्याबरोबर गेला.

चंद्रशेखरला ही रेस कधीच आवडली नव्हती. औषधाच्या कंपनीत क्वालिटीच्या खात्यात त्याची नोकरी झालेली. आलेला माल खोटा आहे असं धरूनच कामाला बसायचं, ही सवय. वसुधाने एकदा त्याला कौतुकाने सांगितलं, की ज्या पेपरने ही रेस सुरू केली तो पिवळ्या कागदावर छापला जायचा, म्हणून सगळ्यात पुढे असणाऱ्याची जर्सी पिवळी. त्याने लगेच नेटवर शोधून तिला दाखवलं, की दुसऱ्याच वर्षी पहिल्या चारही जणांना लबाडीबद्दल बाद केलं होतं. काही जण चक्क ट्रेनने गेल्याचं बोललं जायचं. "तुझ्या रेसचा पायाच असा," तो म्हणाला होता. आणि अमेरिकेचा तो मोठा विजेता उत्तेजक औषधं घेताना पकडला गेल्यावर तर त्याने टीव्हीसमोर बसणंच सोडलं.

त्या शनिवारी टीव्हीवर एक गाव आलं. एक सायकलवाला एकटाच पुढे आला, रस्त्याच्या कडेला थांबला, बायकोला जवळ घेतलं, पोराचा मुका घेतला. मागून दीडशे जणांचा घोळका सावकाश आला आणि तो त्यात मिसळला.

"याला कोणी गाठलं कसं नाही?" निमिषच्या बायकोने, राधिकाने विचारलं. ती या वर्षी पहिल्यांदाच खेळत होती.

"त्याचं गाव आहे ना," निमिष म्हणाला. "आपल्या गावात त्याला सोडतात. मागचे मुद्दाम हळू चालवतात. पद्धत आहे तशी. कोणाचं काही झालं असेल, कोणी आजारी असेल तर..."

एवढं बोलून तो थांबला. शैलजाने बशीतले पोहे चमच्याने एका बाजूला केले. राधिका म्हणाली, "चहा कोणाला हवाय?" आणि तीन जणांनी एकदम हात वर केले.

 खोलीत अशी शांतता चंद्रशेखरने नोकरीत खूपदा ऐकली होती. तपासनीस चुकून बरोबर कपाट उघडतो तेव्हा असंच होतं.

निघताना निमिष गाडीपर्यंत आला. चंद्रशेखर म्हणाला, "गेल्या वर्षी तुम्ही वसुधाला सोडलंत का?"

"नाही काका," निमिष म्हणाला. "काय तुम्ही पण, यार. काकू भारी खेळल्या. नो वे. असं कसं करू आम्ही?"

एका प्रश्नाला चार उत्तरं आली. खरं असतं तर एक पुरलं असतं.

पुढचा आठवडा त्याला तेच पुरलं. जेवताना तेच, गवत कापताना तेच. लोकांची दया त्याने घरात येऊ दिली नव्हती. आजारपणात डबे आले ते त्याने परत धुऊन, आत काहीतरी घालून पाठवले होते. आणि सगळ्यात मोठा डबा बहुतेक तो टी-शर्टच होता, पिवळ्या रंगाचा. वसुधाला फसवलं, ती फसली, आनंदात राहिली, आणि नवऱ्याने ते फसवणुकीचं कापड तिच्या अंगावर ठेवून तिला पाठवलं. शैलजा नको का म्हणाली, ते आता कळत होतं. तिला माहीत होतं. तसं असेल तर रविवारी त्या खोलीत उभं राहून नवा टी-शर्ट द्यायचा नाही, आणि त्या माणसांच्या घरी पुन्हा जायचं नाही, असं त्याने ठरवलं.

शुक्रवारी तो न कळवता शैलजाकडे गेला. शैलजा निवृत्त डॉक्टर, एकटी राहायची. दार उघडल्याबरोबर ती म्हणाली, "तुमचं तोंड बघूनच कळलं. बसा."

"बसत नाही. तू टी-शर्ट ठेवू नको म्हणालीस, कारण तो खोटा होता."

"मी नको म्हणाले, कारण मी अर्धा तास खपून तिच्या निऱ्या बसवल्या होत्या आणि तुम्ही वर तो तंबू ठेवलात. साडीवर टी-शर्ट कोण ठेवतं, भाऊजी?"

तो बसला.

"आता खरं सांग."

शैलजाने चष्मा काढला. "हो. मी आणि निमिष. शेवटचे तीन दिवस राहिले होते. निमिष पहिला, वसुधा दुसरी, मी तिसरी. आम्ही ठरवलं, वाईट नावं टाकायची. डोंगराच्या दिवशी निमिषने सपाटीवर पळणाऱ्या एका जाड्याचं नाव टाकलं. मी त्याच्या भावाचं."

"झालं तर मग."

"झालं कुठे? तुमची बायको आंधळी होती का? तिचा मला फोन. म्हणे, डोंगरावर जाड्या? मला काय समजता तुम्ही? मी कबूल केलं. ती म्हणाली, निमिषला सांगू नकोस. तो मला सोडतोय ना, मीच त्याला सोडते. आणि तिनेही वाईट नावं टाकायला सुरुवात केली."

चंद्रशेखरने खुर्ची पुढे ओढली.

"शेवटच्या डोंगराच्या दिवशी तर कहरच," शैलजा म्हणाली. "निमिषने अशा माणसाचं नाव टाकलं, जो आदल्या दिवशी हात मोडून घरी गेला होता. नियमात बसतं की नाही देव जाणे. वसुधा पेटली. तिने सगळ्यात शेवटच्याचं टाकलं. तिकडे त्याला लाल कंदील म्हणतात, रेल्वेच्या शेवटच्या डब्याला असतो तसा. सगळ्या दिवसांचा वेळ मिळून पहिल्याच्या चार-पाच तास मागे होता तो. आणि तो सकाळीच पळाला पुढे. कोणी पाठलाग केला नाही, कारण याच्यापासून कोणाला काय धोका? आणि गाढव जिंकलं. दहा गुण. तिला दुसरी यायचं होतं हो, पण इलाज नव्हता."

"तुम्ही सगळे हरायला बसला होतात."

"सगळे."

गोष्ट चांगली होती. चांगल्या गोष्टीवर तर त्याचा मुळीच विश्वास नसे. शोक करणाऱ्या माणसाला शांत करायला डॉक्टर बाई याहून बरं काय सांगणार? उठता उठता त्याला मात्र ती सकाळ आठवली. तो स्वयंपाकघरात तिच्यासाठी मऊ भात करत होता आणि बाहेर वसुधा टीव्हीवर ओरडत होती, "या की रे, कुठे राहिलात सगळे?" एकटा माणूस पुढे पळतोय आणि ही कोणाला बोलावतेय, असं त्याला वाटलं होतं. मग ती हसायला लागली, खोकला येईपर्यंत. त्याने धावत पाणी नेलं होतं आणि कसला खेळ हा म्हणून रागावलाही होता.

ती मागच्या घोळक्याला बोलवत होती. आपला माणूस पकडला जावा म्हणून.

तरी आठवणीचा काय भरवसा, असं तो गाडीत बसल्यावर स्वतःला म्हणाला. आपल्याला हवं तसंच आठवतं. दुसरी एक खात्री करायला हवी होती.

रविवारी तो सगळ्यांच्या आधी निमिषकडे पोचला. निमिष गॅरेजमधून खुर्च्या काढत होता.

"तो हात मोडलेला माणूस," चंद्रशेखर म्हणाला. "त्याचं नाव टाकताना तुला लाज नाही वाटली?"

निमिषच्या हातातली खुर्ची खाली गेली. "सॉरी काका. मला वाटलं, काकूंना कळणार नाही. त्यांनी शेवटच्याचं नाव टाकलं तेव्हा मला वाटलं, औषधांमुळे गोंधळल्या."

"गोंधळली नव्हती. तिला सगळं कळलं होतं. ती तुला जिंकवत होती."

हे बोलताना चंद्रशेखर त्याच्या तोंडाकडेच बघत होता. त्यासाठीच तो लवकर आला होता. निमिष आधी हसायला गेला, मग त्याला ते जमेना. त्याने बोटं मोडली, छताकडे पाहिलं. मनातल्या मनात तो ती तीन नावं पुन्हा लावत होता, हे दिसत होतं.

"म्हणजे तो जाड्या... त्यांना तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

"मग मला टी-शर्ट दाखवायला व्हिडिओ कॉल केला तेव्हा त्या इतक्या हसत का होत्या?" निमिष म्हणाला, आणि खुर्चीवर बसला. थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले. "मी वर्षभर समजतोय की मी मोठं पुण्य केलं."

हे तोंड शिकवलेलं नव्हतं. शैलजाने याला काही सांगितलं नव्हतं. चंद्रशेखरने चाळीस वर्षं पास-नापास ठरवलं होतं, आणि बनवणाऱ्याच्या मनात काय होतं याचा रकाना त्याने कधी भरला नव्हता. माल कसोटीला उतरला की उतरला. नाव तिने टाकलं, माणूस पहिला आला. तिघांपैकी कोणाच्याही ठरवण्याने ते झालं नव्हतं, म्हणून तर ते खरं होतं.

"उठ," तो म्हणाला. "माणसं येतील. खुर्च्या मी घेतो दोन."

दुपारी पॅरिसची रेस संपली आणि गुण मोजले. राधिका जिंकली. तिने तीनही आठवडे जर्सीचा रंग बघून नावं टाकली होती, आणि निमिषची मान खाली होती. चंद्रशेखर नवा पिवळा टी-शर्ट घेऊन उभा राहिला. कोणीतरी म्हणालं, "काका, दोन शब्द."

"गेल्या वर्षी वसुधा जिंकली," तो म्हणाला. "तिने न जिंकण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही."

लोक हसले. शैलजा खिडकीबाहेर बघत राहिली.

राधिकाने टी-शर्ट अंगाला लावून बघितला. "काका, मला कोणी सोडलं नाही ना?"

"ते आत्ताच कसं सांगू?" चंद्रशेखर म्हणाला. "निमिषने काल कोणाचं नाव टाकलं होतं?"

निमिषने खिशातून फोन काढून त्याच्या हातात दिला. चंद्रशेखरने चष्मा लावला आणि पहिल्या दिवसापासून बघायला सुरुवात केली.