खोडदच्या ट्रॉलीखालचा विमानाचा पाय

मी एक जुना पाय आहे. माणसाचा नव्हे, विमानाचा, नाकाखालचा, चाकासकट. मित्रांनो, गोड बोलायची माझी सवय केव्हाच गेली, तेव्हा माझ्याकडून लाडीगोडीची अपेक्षा ठेवू नका.

कौतुक सगळं पंखांचं. पण जमिनीवर पंख काय कामाचे? तिथे वळायचं ते माझ्याच जिवावर. वैमानिकाच्या डाव्या हाताशी एक छोटं चाक असायचं. ते फिरवलं की दाबाखालचं तेल नळ्यांतून माझ्याकडे धावायचं. माझ्या दोन बाजूंना दोन दट्टे. एक ढकलायचा, दुसरा ओढायचा, आणि मी वळायचो. वेग वाढला की वैमानिक ते चाक सोडून द्यायचा आणि पायाखालच्या पट्ट्या दाबून मला जेमतेम इकडचं तिकडे करायचा. भर वेगात मी जास्त वळलो असतो, तर सगळेच आडवे झाले असते.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका, पुढचा तमाशा तिच्यावरूनच झाला. विमानानं जमीन सोडली की माझ्यावरचा भार जायचा. भार गेला की मी लांब व्हायचो आणि माझ्या आतला उंचवटा खाचेत बसून चाक सरळ धरून ठेवायचा, कारण वाकडं चाक विमानाच्या पोटात मावत नाही. थोडक्यात, अंगावर भार असला तर मी वळतो. नसला तर वळत नाही, कुणी कितीही शिव्या द्या.

विमान मोडीत निघालं. माझ्या नळ्या कापल्या, दट्टे काढले, आणि जुन्नरचे भंगारवाले अकबरभाई मला टेम्पोत घालून घेऊन आले. त्यांच्याकडून मला नेलं खोडदच्या भिमाजीनं. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. भिमाजीनं मला कांद्याच्या ट्रॉलीच्या तोंडाशी बसवलं आणि ट्रॅक्टरचा दांडा मला जोडला. माझ्यावर चढून बसणारी कोंबडी सोडली, तर तिथे माझी ओळख ठेवणारं कुणी नव्हतं. शेजारच्या रानातल्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य अँटेना दिवसभर आभाळाकडे तोंड करून बसायच्या. मी शेणातून चालायचो. राग येणार नाही तर काय?

भिमाजी बायकोसह मला न्यायला आला, तेव्हा अकबरभाईंनी बजावलं होतं, "भिमाजी, पोती पुढं रच. पुढं भार नसला तर हे वळायचं न्हाई."

"गाडी कशी भरायची ते तू मला शिकवतो व्हय?" भिमाजी म्हणाला.

त्याच्या घरात सात पिढ्या बैलगाडी. तिची रीत अशी, की भार थोडा मागे ठेवायचा, म्हणजे बैलांच्या मानेवर जू जड पडत नाही. पण त्याची बायको चिमाबाई शहाणी. ती गपचूप जड पोती पुढे लावून घ्यायची, आणि दोन वर्षं मी मुकाट्यानं वळत राहिलो.

मग एकदा चिमाबाई मढला माहेरी गेली. भिमाजीनं त्याच्या मनासारखी ट्रॉली भरली. सगळा कांदा मागे. दांडा हलका पडला तसा तो खूश झाला. मी मात्र लांब झालो, आणि आतली खाच बसली. कालव्याच्या वळणावर ट्रॅक्टर वळला, मी सरळ गेलो. दांडा पिळवटला, ट्रॅक्टर कलंडला आणि भिमाजीची तंगडी खाली सापडली.

त्यानं बाजेवर पडल्या पडल्या अकबरभाईंचं नाव घेतलं. "सडका माल गळ्यात मारला त्यानं. मला लंगडा केला." आठवडे बाजारात हेच बोलणं फिरलं. लोक अकबरभाईंच्या दुकानावरून मान वळवून जाऊ लागले. बापाच्या वेळेपासूनचं दुकान, आणि चोर म्हणवून घ्यायची पाळी.

अकबरभाई खोडदला आले, तेव्हा भिमाजी तोंड फिरवून म्हणाला, "ने तुझं भंगार."

"नेतो की. पण बाजारात जे बोलला ते बी परत घे."

अपघाताचं ऐकून चिमाबाई मढहून धावत आली होती, पण ट्रॉलीकडे बघायला तिला सवड झाली नव्हती. आता ती अंगणात ओढून आणलेल्या ट्रॉलीपाशी गेली. पोती अजून तशीच होती.

"ही मागं कुणी रचली?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"तू आत जा."

"जाते. आधी सांगा. अकबरभाऊंनी काय सांगितलं व्हतं ते मी बी ऐकलंय."

अकबरभाईंनी मला ट्रॉलीपासून सोडवून टेम्पोत टाकलं आणि ते निघून गेले.

पुढच्या बाजारी भिमाजी काठी टेकत दुकानासमोर येऊन उभा राहिला. चार लोक जमेपर्यंत थांबला. मग मोठ्यानं म्हणाला, "पोती म्या मागं रचली व्हती. ह्यानं सांगितलं व्हतं, म्या ऐकलं न्हाई." एवढं बोलून वळला आणि गेला. अकबरभाईंनी त्याला हाक मारली नाही. दोघं आजतागायत बोलत नाहीत. दुकान मात्र पुन्हा चालू लागलं.

मित्रांनो, मी त्याच दुकानाच्या दारात उभा आहे. येता जाता पोरं माझं चाक वळवायला बघतात, वळलं नाही की लाथा घालतात आणि गंजला म्हणून हसतात. गंजलेलो नाही. कुठलीही वस्तू हाती घेतलीत, तर आधी तिची रीत विचारा, तुमच्या घरची तिच्यावर लादू नका. माझं खोटं वाटत असेल तर या, माझ्यावर दोघं तिघं चढून बसा आणि मग चाकाला हात लावा. बघा वळतो की नाही.