लाल फीत

मुकुंदवाडीच्या त्या शाळेचे पत्रे दुपारी तापले, की अख्खा वर्ग पाण्याखाली गेल्यासारखा दिसायचा. पोरांचे आवाज लांबून यायचे. सुकेशनीबाईंना वाटायचं, आपण वर्गात नाही, कुठल्यातरी माळावर उभ्या आहोत.

अशाच एका दुपारी त्यांनी पोरांच्या खांद्यांना फिती लावल्या. प्रशिक्षणात सांगितलं होतं, प्रत्येक पोराची ताकद ओळखा. ऐकून शिकणाऱ्याला निळी, बघून शिकणाऱ्याला हिरवी, हातानं करून शिकणाऱ्याला लाल. लेकरांच्या डोक्यांचे तीन ढीग घालायला सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातं? ओळखायला जवळ बसावं लागतं, हे कुणी सांगितलं नाही. बाई नोकरीत नव्या, त्यांनी मान डोलावली. तनुजाला लाल मिळाली. मातीचा बैल करावा तर तिनंच, पण अक्षर एक ओळखू येत नव्हतं.

त्यानंतर तनुजा शाळेत आलीच नाही.

शेवटी बाई तिच्या खोलीवर गेल्या. बाप मुंजाबा मेंढरं घेऊन कन्नडच्या डोंगराकडं, आई बानाबाई इथं बांधकामावर. पोरगी भिंतीकडं तोंड करून बसलेली. बानाबाईनं पाणी दिलं आणि सांगून टाकलं, की शाळा बास झाली, रविवारच्या जीपनं पोरगी बापाकडं चालली.

"तुमीच तर लाल लावलं, बाई."

"अहो, लाल म्हणजे हातानं शिकणारी."

"आमच्यात नाय. बाजाराला काढायच्या मेंढराच्या पाठीवर आमी लाल मारतो. मग त्ये खाटकाचं. पोरगी म्हणली, बाईनं मला काढलं."

बाईंनी पेला खाली ठेवला. त्यांना पत्र्याखालचा वर्ग दिसला. बाकांवर मेंढरं दाटून बसलेली, गप, डोळे मोठे. आणि रंगाचा डबा घेऊन फिरणाऱ्या त्या स्वतः.

त्या पोरीजवळ जमिनीवर बसल्या. रंग न लावता मेंढरं कशी ओळखतेस, विचारलं.

"तोंडं येगळी असत्यात की," भिंतीला उत्तर मिळालं. "बसायची तऱ्हा येगळी."

बाईंनी फरशीवरच्या धुळीत बोटानं 'ळ' काढला. हे कोण बसलंय, म्हणाल्या.

तनुजा वळली. बराच वेळ बघत राहिली.

"जुळी हायेत. अंगाला अंग लावून निजलीत."

मग बाईंनी 'त' काढला.

"ही काठीला टेकलीय."

"तुझ्या नावात सगळ्यात पुढं हीच चालते."

पोरीनं बोट टेकवलं आणि धुळीत दुसरी काढली, पहिलीच्या शेजारी. थोडी वाकडी. बानाबाई दारातून बघत होती. जीपवाल्याला सांगते म्हणाली, एक सीट कमी.

सकाळी बाईंनी पोरांच्या खांद्यांवरच्या सगळ्या फिती काढून चुलीत घालायला खिचडी शिजवणाऱ्या सेविकेकडं दिल्या. वरून कुणी विचारलं तर विचारू दे. मग त्या बाकाबाकांतून नुसत्या फिरल्या, कोण कसं बसतं ते बघत. कुणी डुलत पाढे म्हणत होतं, कुणी खिडकीबाहेर बघितल्याशिवाय बेरीज करत नव्हतं.

तनुजा दारात येऊन थांबली. आधी तिनं सगळ्यांचे खांदे बघितले, एकूण एक.

मग आत आली.