शर्टाखालचा पट्टा

मी एक कमरेचा पट्टा. माझं सगळं आयुष्य शर्टाच्या आत गेलं, त्यामुळे मी पाहिलं थोडं आणि ऐकलं फार. आतून बोलायची सवय आहे, आवाज दबका वाटला तर सांभाळून घ्या.

एका लांबलचक शेडमध्ये शिलाई मशिनीवर माझा जन्म झाला. रुंद इलॅस्टिक, पाठीशी चार लवचिक पट्ट्या आणि पुढे चिकटपट्टी, एवढाच माझा पसारा. मला शिवणारी बाई दिवसभर वाकून बसायची आणि सुट्टीची घंटा झाली की कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ व्हायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, जरा अवघडले." हे "काही नाही" पुढे मला जन्मभर पुरलं.

औषधाच्या दुकानातून मला एका माजी सैनिकाच्या बायकोने आणलं. दुकानदाराने माप विचारलं, तेव्हा तिने पर्समधून गाठ मारलेली नाडी काढली. नवरा दुपारी झोपला असताना तिने त्याची कंबर गुपचूप मोजून घेतली होती. जागेपणी त्याने मोजू दिली नसती.

"मी काय म्हातारा झालो?" मला पाहून तो म्हणाला.

"अहो, लावून तर बघा. नाही जमलं तर परत करते."

परत काही केलं नाही. तो मला बनियनवर बांधायचा, वरून कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि गोदामाच्या फाटकावर वॉचमन म्हणून आठ तास उभा राहायचा. बायकोखेरीज माझा पत्ता कुणाला नव्हता. सैन्यात असताना ट्रकमधून जनरेटर उतरवताना तो त्याच्या अंगावर आला आणि पाठीचा मणका दबला, एवढंच तिला ठाऊक होतं. बाकी त्याने कधी सांगितलं नाही.

पाठ दर वर्षी थोडी थोडी जात होती. चिकटपट्टी दर काही महिन्यांनी एक बोट पुढे ओढली जातेय, हे मलाच कळत होतं. शेवटी बायकोने हट्टच धरला. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज करायचा, म्हणजे हे उभं राहणं तरी सुटेल. पाठ नोकरीत मोडली असं एकदा सरकारने लिहून दिलं की झालं.

त्या अर्जात एक ओळ होती. तुमच्या वतीने बोलणाऱ्या प्रतिनिधीचं नाव. या एका ओळीने आमच्या घरात जेवढी भांडणं लावली तेवढी कुठल्या सासूनेही लावली नसतील.

आधी ते दोघं एका वकिलाकडे गेले. वकिलाने याचं ऐकण्याआधी दोनदा फोन घेतला आणि मग त्याला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारली. मग माजी सैनिकांच्या संघटनेच्या कचेरीत गेले. तिथे अर्जांचं काम एक ताई बघायची. तिने आधी चहा सांगितला आणि मग थेट विचारलं, "दादा, सकाळी उठून बसायला किती वेळ लागतो?"

"काही त्रास नाही."

"मोजे स्वतः घालता?"

"हो."

"मी घालते," बायको म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"आणि संडासला बसता येतं का? लाजू नका, हे सगळं लिहावं लागतं."

त्याचा श्वास अडकला. मला जागच्या जागी कळलं. घरी येताना रस्ताभर तो धुसफुसत होता. "परक्या बाईसमोर मोज्यांचं काय काढलंस?"

त्याच आठवड्यात त्याच्या जुन्या साहेबांचा फोन आला. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. "अरे, बाहेरच्यांकडे कशाला जातोस? मी आहे ना. माझं नाव घाल." साहेबांचा आवाज ऐकताच हा खुर्चीवरून ताडकन उठला. मला पाठीशी जोराचा हिसका बसला.

"फोनवर कुणी उभं राहतं का?" बायकोने विचारलं.

पण त्याने साहेबांचा शब्द आजवर कधी खाली पडू दिला नव्हता. त्या ओळीत साहेबांचं नाव गेलं. बायको ताईचं नाव घेत राहिली आणि मग मूग गिळून बसली.

तपासणीच्या दिवशी साहेब स्वतः आले. बुटांपासून भांगापर्यंत त्याच्याकडे पाहून म्हणाले, "शाब्बास. ताठ उभा राहा. आपल्या तुकडीचं नाव जाता कामा नये." हे ऐकल्यावर व्हायचं तेच झालं. तो स्वच्छतागृहात गेला, मला सोडलं, गुंडाळलं आणि कापडी पिशवीत टाकलं. डॉक्टरांच्या खोलीत तो उभा, साहेब बाजूला, पिशवी खुर्चीवर आणि मी पिशवीत.

"वाका," डॉक्टर म्हणाले. तो वाकला.

"दुखतं?"

"नाही साहेब. ठीक आहे."

मला ओरडता आलं असतं तर त्या दिवशी ओरडलो असतो. पण बोलायला तिथे दुसरा माणूस नेमलेला होता, आणि तो खूश होऊन पाहत होता. नंतरचे तीन दिवस हा घरी जमिनीवर पडून होता. बायको भिंतीकडे तोंड करून भाजी निवडायची, कारण त्याच्याकडे पाहिलं की तिला रडू यायचं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. अर्ज नामंजूर. अर्जदार कोणत्याही आधाराशिवाय वाकू शकतो, हे एक कारण. दुखापत कामावर असताना झाली याला साक्षीदार नाही, हे दुसरं. वर्षभरात अपील करता येईल, असं खाली बारीक अक्षरांत होतं.

"साक्षीदार नाही?" बायको म्हणाली. "साहेब तिथे नव्हते का तेव्हा?"

"होते."

"मग अर्जात त्यांनी ते लिहिलं का नाही?"

त्याने उठून शर्ट काढला. मला बांधलं आणि साहेबांकडे गेला.

साहेबांनी स्वतः चहा केला. चहा आणताना त्यांच्या चपला फरशीवर घासत होत्या, ते मी ऐकलं. तेही म्हातारे झाले होते. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "जनरेटर उतरवायला आठ माणसं लागतात. चौघेच पाठवले मी. घाई होती. आता लिहून दिलं तर लोक काय म्हणतील? साहेबाने माणूस मोडला. मी मुद्दाम केलं का रे?"

"नाही साहेब."

"मग?"

"ठीक आहे साहेब."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा इतकी वर्षं नुसती पाठ लपवत नव्हता. साहेबांनाही लपवत होता. मला त्याचा राग आला आणि दयाही आली.

बायको ताईकडून दुसरा कागद घेऊन आली. ताईने सांगितलं होतं, एका वेळी एकच प्रतिनिधी ठेवता येतो. नव्याची सही झाली की जुन्याचं नाव आपोआप निघतं. तिथेच सगळं अडलं. साहेबांचं नाव स्वतःच्या हाताने काढायचं त्याच्या जिवावर आलं. कागद आरशामागे खोचला गेला आणि सात महिने तिथेच राहिला. रोज दाढी करताना कागदाचा कोपरा त्याला दिसत असणार.

मग एका दुपारी फाटकावर गाडी आली. त्याने सलाम ठोकला आणि तसाच खाली बसला. पुन्हा उठताच येईना. सोबतच्या माणसांनी हवा लागावी म्हणून शर्टाची बटणं काढली, आणि मी उघडा पडलो. माझं इलॅस्टिक सैल झालेलं, कडा उसवलेल्या, दोन ठिकाणी बायकोने घातलेले टाके.

"हा असा पट्टा लावून उभा राहायचा?" कुणीतरी म्हणालं. "कधी बोलला नाही."

आता त्याच्या पायांत जोर नाही. पट्ट्याचा काही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला दाराच्या मागे खिळ्याला टांगलं. अपिलाच्या मुदतीचे अकरा दिवस उरले असताना ताई घरी आली. पलंगाशी स्टूल ओढून बसली आणि परत तेच विचारलं, उठण्याचं, मोज्यांचं, संडासचं. या वेळी त्याने एकेक करून सांगितलं, आठ जणांचा जनरेटर चौघांनीच उतरवला हेही. मग ती म्हणाली, "दादा, चौघांना कुणी पाठवलं होतं?"

तो छताकडे पाहत राहिला. बायको तोंड उघडणार, तर ताईने हाताने थांबवलं. "त्यांनाच सांगू द्या."

"साहेबांनी," तो म्हणाला. आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. जनरेटर अंगावर पडला तेव्हाही तो रडला नसेल. त्याने आडव्यानेच ताटाच्या पाठीवर आरशामागचा कागद ठेवून सही केली. सही वाकडी आली.

ज्यांच्या अर्जात अशी ओळ कोरी आहे, त्यांना माझं एकच मागणं आहे. ज्याच्यासमोर ताठ उभं राहावंसं वाटतं त्याचं नाव तिथे लिहू नका. ज्याच्यासमोर कण्हता येतं, त्याचं लिहा. आमच्याकडे हे कळायला पाठ संपली.

आज फेरतपासणी आहे. खाली गाडी येऊन थांबली आहे, उचलून न्यायला दोघे जण आले आहेत. अपिलाचं काय होईल ते ताईलाही सांगता येत नाही. बायकोने त्याला शर्ट घातला, बटणं लावली, तेव्हा तो दाराकडे बघत म्हणाला, "तो पट्टा दे."

"अहो, आता त्याचा काय उपयोग?"

"असू दे. दे."

तिने मला खिळ्यावरून काढलं आणि सवयीने शर्ट वर करायला गेली. त्याने तिचा हात धरला.

"आतून नको," तो म्हणाला. "वरून बांध."