हातचा म्हणजे हातात

मोठ्या बाईंनी हातचा एक परत दिला आणि माझी भाची दुसरीतच राहिली.

असं काही घडलेलं नाही. शाळेचं तसं स्पष्ट म्हणणं आहे, आणि मीही त्याच शाळेत शिकलो असल्यामुळे सांगितलेलं ऐकायची मला सवय आहे. तेव्हा जे घडलं नाही ते कसकसं घडलं नाही, एवढंच सांगतो.

माझ्या ताईची लॉन्ड्री आहे. पुढे काउंटर, मागे मशिनं, वर दोऱ्या आणि मध्ये इस्त्रीला मी. ताईच्या दोन्ही मुली शाळा सुटली की सरळ तिथेच येतात. लॉन्ड्रीत नुसतं पडून राहायची परवानगी फक्त कपड्यांना आहे, असा ताईचा नियम. त्यामुळे मुली कामाला लागायच्या, आणि दुसरं खेळणं नसल्यामुळे कामाचाच खेळ व्हायचा. मोज्यांच्या जोड्या लावता लावता थोरलीला सम-विषम कळलं. "विषम म्हणजे ज्याचा जोडीदार मशिनने खाल्ला तो," ही तिची व्याख्या. मला तिच्यात अजून चूक सापडलेली नाही. चादरीच्या घड्या घालताना अर्धा आणि पाव कळले. पाऊण चादर पांघरली की माणसाचे पाय बाहेर राहतात, हे तिने माझ्यावर प्रयोग करून सिद्ध केलं.

या थोरलीला आम्ही टाचणी म्हणतो. तिच्याशी दोन वाक्यं बोललं की कारण समजतं.

बेरीज चिमट्यांवर चालायची. कपडे वाळत घालायचे चिमटे दोन ढिगांत घ्यायचे, सुटे एकत्र करायचे. दहा झाले की एका हँगरला लावायचे आणि तो हँगर ज्याचा हात मोकळा असेल त्याला धरायला द्यायचा. तो हातचा. शेवटी हँगर मोजताना त्याच्याकडून परत मागून घ्यायचा. हात बहुधा माझाच मोकळा निघायचा; त्यात गरम इस्त्री असली तरी. पुढेपुढे हँगरही लागेना. टाचणी नुसती चिमूट माझ्या तळहातावर टेकवायची, "धर मामा, सांडू नकोस," म्हणायची, आणि मी मूठ मिटून उभा. गिऱ्हाइकांना वाटायचं, मला काहीतरी लागलंय.

मग एक दिवस शाळेत गणिताच्या सरांनी फळ्यावर बेरीज मांडली. "हातचा आला एक," ते म्हणाले. "हा आता डोक्यात ठेवायचा."

टाचणी उठून उभी राहिली. "मग त्याला डोक्यातला म्हणा की, सर."

वर्ग हसला. सरही हसले, आणि नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई दारातून आत डोकावल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंचीचा संबंध नाही. त्यांनी टाचणीला बेरीज करायला सांगितली. टाचणीने शेजारणीचा हात मागितला. बाईंनी ताईला बोलावून घेतलं.

"गणित हा पोरखेळ नाही," त्या म्हणाल्या.

"पोरांनी नाही खेळायचा तर काय मी खेळू?" ताई म्हणाली.

"गुरुवारी माझ्यासमोर तोंडी बेरीज करेल. हात पाठीमागे बांधून. नाही जमलं, तर पहिलीत बसेल."

पहिलीत टाचणीची धाकटी बहीण होती. तिने त्याच संध्याकाळी मोठ्या मनाने जाहीर केलं, "मी बाकावर जागा करून ठेवलीय. दप्तर पण सरकवलंय." टाचणी नुसती मोज्यांच्या जोड्या लावत बसली. ती बोलत नाही तेव्हा घरात सगळे घाबरतात.

मी म्हटलं, "ताई, दोन दिवस हात मागे ठेवून सराव करून घेऊ. काय बिघडतं?"

"बिघडतं," ताई उशीचा अभ्रा झटकत म्हणाली. "माझ्या पोरीला हात काय नुसते नखं कापायला दिलेत? येतंय तिला. येतंय ते येत नाही असं शिकवायचं नाही मला."

"आणि पहिलीत बसवली तर?"

"तर पहिलीचा सगळा वर्ग चिमटे मागायला लागेल. त्यांनीच विचार करावा."

तरी मी चोरून सराव घेतला. हात मागे घेतले की टाचणीचे तेराचे तीन व्हायचे आणि दहा कुठेतरी घरंगळत जायचे. "कुठे गेले?" मी विचारलं. "ठेवायला जागाच नाही, मामा," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरले. मग मी तो विषय बंद केला.

गुरुवारी मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही चौघं: टेबलामागे बाई, कोपऱ्यात सर, दाराशी मी आणि मध्ये हात पाठीमागे घेतलेली टाचणी. ताई दुकान सोडून येणार नव्हती. "मी आले तर भांडेन," असं तिने कळवलं होतं.

"सत्तावीस अधिक सोळा," बाई म्हणाल्या.

"सात नि सहा तेरा. तेराचे तीन." टाचणी थांबली. मी डोळे मिटले. "मोठ्या बाई, हात पुढे करा."

"का?"

"माझे बांधलेत ना. तुमचे सुटे आहेत."

आता लहान मूल इतक्या गंभीरपणे काही द्यायला लागलं की माणसाचा हात आपोआप पुढे होतो. बाईंचा झाला. टाचणी वाकली आणि तिने हनुवटी अलगद बाईंच्या तळहातावर टेकवली. "हा हातचा. सांडू नका." बाईंनी मूठ मिटली. मी पाहिलं, सरांनी पाहिलं.

"दोन नि एक तीन," टाचणी म्हणाली. "तेहतीस."

बाईंचा चेहरा खुलला. "चूक! त्रेचाळीस."

"तेहतीसच. वरचे दहा तुमच्याकडे आहेत."

"माझ्याकडे काहीही नाही."

"मग मूठ का मिटलीय?"

मूठ उघडावी तर दहा सांडले असं होणार, मिटून ठेवावी तर दहा आहेत हे कबूल. बाई मुठीकडे बघत राहिल्या.

"द्या की," टाचणी म्हणाली. "उत्तर तुमच्यामुळे अडलंय."

"मॅडम," सर कोपऱ्यातून हळूच म्हणाले, "देऊन टाका."

बाईंनी टेबलावरून हात लांब केला आणि टाचणीच्या हनुवटीखाली मूठ उघडली. अगदी जपून उघडली.

"त्रेचाळीस," टाचणी म्हणाली. "आणि उद्या मी दुसरीतच बसणार."

बसली. पण दुसऱ्या दिवशी दुसरीचा अख्खा वर्ग एकमेकांचे हातचे धरून बसला, सर दोन्ही मुठी मिटून मध्ये उभे होते आणि त्यांना खडू धरता येईना. शाळेने फलक लावला: गणिताच्या तासाला हात बाकाखाली ठेवावेत, गुरुवारी कोणतीही बेरीज झालेली नाही.

ताईने फलक वाचला आणि मला काउंटरवर बसवून पुढचा अर्ज लिहायला लावला. तो शाळेत पोचला आहे.

"महोदया, विनंती अर्ज सादर करण्यास कारण की, दुसरीतील मुलांचे दोन्ही हात आपल्या आदेशानुसार बाकाखाली अडकून पडले आहेत. तरी हातच्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्यास एक जादा हात, शक्यतो उजवा, शाळेच्या खर्चाने तातडीने मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती."