शालीखालचे टाळ

"साहेब, तुमी इथं काऊन उभे? तुमचा सोफा तिकडं समोर लावून राह्यले ना पोरं."

चिंधूनं हे इतक्या अदबीनं म्हटलं की चंद्रभानजींना पिशवीतला हात बाहेर काढवेना. पिशवीत टाळ होते. सकाळीच चिंच लावून घासलेले, नवी दोरी ओवलेले. सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. मांडवात टाळकऱ्यांची रांग लागत होती आणि रांगेच्या टोकाला, चिंधूच्या डावीकडे, पूर्वी त्यांची जागा होती.

तेव्हा ते नुसते चंद्या होते, वांगी-पालक घेऊन समुद्रपूरच्या बाजाराला जाणारे. त्यांना एकच खोड होती, गजर चढला की त्यांचे टाळ पुढे पळत. मग चिंधूचं कोपर बरगडीत बसे. "दम धर बे चंद्या, इठ्ठल कुठी पळून नाई चालला."

पुढे गावानं त्यांना सरपंच केलं, गावाची नगरपंचायत झाली तेव्हा नगराध्यक्ष केलं. माणूस कामाचा. पाण्याची टाकी उभारली, भाजीवाल्यांना ओटे बांधून दिले, मोक्षधामावर शेड टाकलं. एका वर्षी त्याच शेडखाली आपल्या बायकोला, धुरपताला, अग्नी दिला. सावंगीच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसले असतानाही फोन वाजत राहायचा. "उचला, कोनाचं अडलं असन," असं तीच म्हणायची.

कीर्तनाचा मात्र योग तुटला. बोलावणं असायचं, पण बुवांना हार घालण्यापुरतं. अभंग पुरा व्हायच्या आत कोणीतरी येऊन कानाशी लागे, पुढचा कार्यक्रम असे. इतक्या वर्षांत एकाही दृष्टांताचा शेवट त्यांच्या कानी पडला नाही. आणि चुकलात, असं सांगणारंही कोणी उरलं नाही. ते बोलत, समोरच्या माना डोलत.

यंदा पद महिलांसाठी राखीव झालं, सरिताताई निवडून आल्या. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. अंगणातल्या खुर्च्या काही दिवस रिकाम्या राहिल्या, मग त्यांनीच उचलून आत ठेवल्या. मुलगा राकेश पुण्याला. घरात बोलायला देवघर तेवढं. त्याच देवघराच्या फडताळात एके दिवशी टाळ सापडले, आणि वाटलं, पांडुरंगापुढची आपली जागा तर कोणी राखीव केली नसेल.

"मी टाळ आणले," ते हळूच म्हणाले. "तुह्या बाजूले उभा राहतो म्हटलं."

चिंधूनं पिशवीकडे पाहिलं, मग मांडवाकडे.

"बरं नाई दिसत, साहेब. लोकं मलेच नावं ठेवतीन. तुमी समोर बसा, शोभा हाये तुमची."

तोवर दोघं-तिघं धावत आले आणि हाताला धरून त्यांना सोफ्यावर घेऊन गेले. अंगावर शाल पडली, मांडीवर नारळ आला. घरी अशा शालींनी कपाट भरलं होतं. सरिताताई आल्या, बुवांना हार घालून शेजारी बसल्या. अभंग पुरा व्हायच्या आत कोणीतरी त्यांच्या कानाशी लागलं. "येऊ का भाऊ," म्हणून त्या निघाल्या. अर्धा सोफा रिकामा झाला. मागे सतरंजीवर लोक मांडीला मांडी लावून बसले होते. सोफ्याकडे कोणी सरकलं नाही.

बुवांनी रंग भरला. गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या, कोणाची शिळी भाकर, कोणाचं आंबट ताक. देवानं सगळं एकत्र कालवलं आणि ज्याच्या त्याच्या हातचं, उष्टं न बघता खाल्लं. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट चंद्रभानजींनी आज कित्येक वर्षांनी पुरती ऐकली. उपरण्यानं डोळे टिपले.

मग गजर सुरू झाला. त्यांचा हात आपोआप पिशवीत गेला. टाळ शालीखाली आले, मधे शालीची घडी. नाद नाही, नुसतं मऊ थप्, थप्. विठ्ठल, विठ्ठल. रांग पावली खेळू लागली, मृदंग तापला, आणि शालीखालचे टाळ पुढे पळाले. त्यांना कळत होतं, पण हात आवरेना. बरगडी उगीचच आखडून वाट बघत राहिली. शेजारी सोफ्याची रिकामी गादी.

समोर चिंधूची नजर त्या हलत्या शालीवर येऊन थांबली. ताल न चुकवता त्याचं कोपर डावीकडे हललं, जिथं कोणीच उभं नव्हतं तिथं, कोणाच्या तरी बरगडीत बसावं तसं.

चंद्रभानजींनी दम धरला.