फरशी गार आहे, पाट दे

मित्रांनो, तुम्ही टेबलावर जेवता, त्यामुळे माझी-तुमची ओळख असेलच असे नाही. दिल्लीतली मुले तर मला पीढ़ा म्हणतात. मी पाट आहे. जेवताना खाली बसायला घेतात तो. अंगाने सागवानी, चारही कोपऱ्यांना पितळी फुले ठोकलेला. वय झाले आहे, एका बाजूने जरा डुगडुगतो, पण देवाच्या दयेने अजून कीड लागलेली नाही.

वाईजवळच्या एका गावी सुताराच्या पडवीत मी घडलो. कुमुद नावाच्या मुलीच्या लग्नासाठी तिच्या वडिलांनी मला करवून घेतले होते. लग्न झाले आणि तिचे यजमान दिनकरराव सरकारी नोकरीसाठी दिल्लीला निघाले. त्यांच्याबरोबर कुमुद, एक ट्रंक, एक वळकटी आणि कापडात गुंडाळलेला मी, असे आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन पोहोचलो.

ते दिवस फार भरलेले होते. गौरीचा नैवेद्य माझ्यावर, भाऊबीजेचे ओवाळणे माझ्यावर. गावाकडून कुणी मुलाखतीला आले, कुणी नोकरी शोधायला आले, की पहिले जेवण माझ्यावरच. शेजारच्या बंगाली वहिनी माझ्या पितळी फुलांवरून बोट फिरवत आणि "बहुत सुंदर" म्हणत. मला बरे वाटे. कौतुक कुणाला नको असते?

कुमुदचा मुलगा विष्णू मोठा झाला, त्यालाही सरकारी नोकरी लागली आणि पद्मजा सून म्हणून घरात आली. ही पद्मजा मोठी श्रद्धाळू. आवाज चढवून बोलताना मी तिला कधी ऐकले नाही. सोमवार, चतुर्थी, चातुर्मासाचे नेम, सगळे मनापासून करायची आणि देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वतः घास घ्यायची नाही.

पुढे दिनकरराव गेले आणि कुमुद, म्हणजे आता घरातल्या आजी, विसरायला लागल्या. जेवून हात धुऊन आल्या की परत माझ्यावर येऊन बसत.

"सूनबाई, पान वाढ गं."

"आई, आत्ताच तर जेवलात तुम्ही."

"उपाशी ठेवून वर खोटंही सांगतेस का?"

असे दोन-चारदा झाले आणि आजी रडल्या. तेव्हापासून पद्मजाने "जेवलात" हा शब्दच सोडला. वाटीभर दहीभात कालवून पुढे ठेवायची, कधी नुसते ताक. आजी दोन घास खात आणि समाधानाने उठत. त्या आजाराचे नाव तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हते. माया मात्र होती, आणि आजी शेवटपर्यंत मायेत राहिल्या.

विष्णू निवृत्त झाल्यावर सगळे दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या सोसायटीत राहायला आले. तिथे डायनिंग टेबल आले आणि माझे काम संपले. मला बाल्कनीत नेऊन माझ्यावर तुळशीची कुंडी ठेवली. कुंडीतले पाणी झिरपून माझी फुले काळी पडली. पण तुळशीच्या पायाशी होतो, म्हणून तक्रार तरी कशी करणार? वरून विमाने जात, काच थरथरे, आणि त्या काचेतून मला घरातले सगळे दिसे.

काही वर्षांनी विष्णूमध्ये बदल दिसू लागला. पावले घासत चालायचा. हातातला चहा हिंदकळायचा. झोपेत ओरडायचा, लाथा झाडायचा. एके दिवशी टेबलाशी जेवायला बसला, तर घास तसाच खाली ठेवला.

"पद्मजा, ही दोन मुलं कुणाची आहेत?"

"कुठली मुलं?"

"ती काय, दाराशी खाली बसलीत. एक मुलगा, एक मुलगी. त्यांना वाढलंस का?"

दाराशी कुणीही नव्हते. मी तर त्या दाराच्या पलीकडे बाल्कनीतच होतो.

विष्णूचा मुलगा जयंत दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात कामाला होता. आजी कशा विसरायच्या ते त्याने लहानपणी पाहिले होते. त्याला वाटले, बाबांचेही तेच सुरू झाले. त्याने कपाटांवर नावे चिकटवली आणि सकाळ-संध्याकाळ बाबांची परीक्षा घ्यायला लागला.

"बाबा, आज वार कोणता?"

"बुधवार. काल मंगळवार होता. उद्याचा हवा असेल तर तोही सांगतो."

विष्णूला सगळे आठवत होते, पेपर तो रोज वाचत होता. एखाद्या दिवशी मात्र धुके उतरल्यासारखा गप्प बसे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वच्छ. पण मुले येत राहिली. ती आली की विष्णूच्या घशाखाली काही उतरेना. "बिल्कुल कुणी नाहीये तिथे," जयंत समजावून सांगे. विष्णू चिडे, ताट सारून देई. महिना-दीड महिन्यात त्याचे गाल बसले, पायजम्याची नाडी आणखी ओढून बांधावी लागली. पद्मजाला रात्रंदिवस एकच काळजी, यांच्या पोटात चार घास जातील कसे?

समोरच्या पंजाबी शेजारणीने प्रेमाने सुचवले, "भाभीजी, किसी भूत का साया होगा. मेरे एक बाबाजी हैं, उनको दिखा दो."

"पहले डॉक्टर को दिखाऊँगी, बहनजी," पद्मजा म्हणाली.

जयंत एका सहकाऱ्याकडून गोळ्यांचे नाव चिठ्ठीवर लिहून घेऊन आला. "आई, त्याच्या वडिलांना ही दिली. आता शांत पडून असतात."

"त्याच्या वडिलांची गोळी आपल्या बाबांना कशी रे द्यायची? आधी विचारू तरी."

विचारले ते फार बरे झाले. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडून परत आल्यावर पद्मजाने जयंतला सगळे सांगितले, ते मी काचेआडून ऐकले. अशा आजारांना एकत्रितपणे डिमेंशिया म्हणतात, पण ते सगळे एका जातीचे नसतात. आजींच्या आजारात आधी आठवण गेली. विष्णूच्या आजाराचे नाव लेवी बॉडी. यात आठवण बरीच राहते, पण डोळ्यांना नसलेली माणसे दिसतात, अंग आखडते, हात कापतात, एक दिवस चांगला तर एक दिवस वाईट जातो. काहींना मेंदूत रक्त कमी पोहोचून पायरी-पायरीने त्रास वाढतो, काहींचा आधी स्वभावच बदलतो. "आणि जयंता," पद्मजा हळूच म्हणाली, "शांत करायच्या काही गोळ्या यांच्या आजारात घातक ठरतात म्हणे. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही." जयंतने खिशातली चिठ्ठी काढून फाडून टाकली.

"मग त्या मुलांचं काय करायचं?" त्याने विचारले.

"वाद घालू नका म्हणाल्या. बाकी बघू."

डिसेंबरातला रविवार होता. उन्हाला धार नव्हती. पद्मजाने देवापुढे नैवेद्य ठेवला, पाणी फिरवले आणि मग विष्णूला वाढले. त्याने दाराकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

"अगं, फरशी गार आहे. नुसती खाली बसलीत दोघं. पाट दे त्यांना."

पद्मजा बाल्कनीचे दार उघडून माझ्याकडे आली. तुळशीला नमस्कार केला, कुंडी उचलून बाजूला ठेवली, मला पुसले, आत नेऊन दाराशी मांडले आणि माझ्यापुढे एक ताट वाढून ठेवले. वरण-भात, तूप, पोळी, भेंडीची भाजी.

"मला दिसत नाहीत हो ती," विष्णूकडे बघून ती म्हणाली, "पण तुम्हाला दिसतात ना? मग हे त्यांचं पान."

जयंत कुजबुजला, "आई, तू तर कधी खोटं बोलत नाहीस. मग हे काय?"

"मी कुठे म्हटलं मला दिसतात म्हणून? देवाला रोज पान दाखवते, तो जेवताना मला कधी दिसलाय का रे?"



मित्रांनो, लाकडाला वजन कळते. माझ्यावर कुणी बसले नव्हते, हे मी सांगितलेच पाहिजे. पण गौरीच्या नैवेद्यालाही माझ्यावर कुणाचे वजन पडत नसे, आणि त्या दिवशी मला जसे वाटे तसेच आताही वाटले.

विष्णू दाराकडे बघत होता. मग हसला. "धाकटीला भेंडी नकोय."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तोंड बघ ना तिचं."

आणि त्याने पोळीचा तुकडा मोडला. एक पोळी खाल्ली, मग अर्धी, मग ताकभात. पद्मजा वाढत राहिली. ताक पिऊन झाल्यावर विष्णूच हळू आवाजात म्हणाला, "ती खरी नाहीत हे मला कळतं गं. सकाळच्या वेळी तर चांगलं कळतं. पण समोर पोरं उपाशी बसली की घास गिळवत नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर जयंतनं परत वार विचारला असता."

जयंत मान खाली घालून हसला, आणि मग उठून बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

त्या दिवसापासून माझी जागा दाराशी आहे. मुलांचे पान पद्मजा नंतर प्रसाद म्हणून स्वतः जेवते. खोलीत उजेड पुरेसा नव्हता म्हणून जयंतने मोठा दिवा लावला, ज्याच्या सावल्या पडायच्या तो फुलाफुलांचा पडदा काढला. आता मुले रोज येत नाहीत. विष्णू बरा झाला नाही, होणारही नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण तो जेवतो. गालांवर थोडे मांस आले आहे. माझी पितळी फुले पद्मजाने चिंचेने घासून लख्ख केली, आणि मी पुन्हा जेवणाच्या घरात आहे. यापेक्षा जास्त मी देवाजवळ काय मागू?

परवा संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून जयंत दमून घरी आला. बूट काढले आणि बाबांच्या जवळ बसावे म्हणून माझ्याकडे वळला. बसणार एवढ्यात थांबला.

"बाबा, इथे कुणी बसलंय का?"

विष्णूने वाकून नीट पाहिले. "धाकटी आहे. पण सरकेल ती. बस तू."

जयंत एका कडेला, अंग चोरून बसला. उरलेली जागा त्याने रिकामी सोडली. पद्मजाने स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिले आणि चहात आले किसायला वळली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी विसरत असेल, कुणाचा स्वभाव बदलला असेल, कुणाला तुम्हाला न दिसणारे काही दिसत असेल. त्यांना खोटे पाडू नका. आजार कुठला ते डॉक्टरांना विचारा. आणि त्यांच्या शेजारी बसण्याआधी, त्यांनाही एकदा विचारा.