मागच्या बर्थवरची ऊब

"हिला कायम उकडतं, कुडकुडायचं मात्र आम्ही!" स्वेटरवर शाल ओढत सासरे माझ्या कानाशी कुरकुरले. झोपायची सोय असलेल्या आमच्या कॅम्पर गाडीचा एसी थांबत नव्हता आणि त्यांचा खोकलाही. तरी गाडी सोडून घरात यायला ते तयार नव्हते.

मेकॅनिकने फिल्टर धुतला, वायरी तपासल्या, मग मागच्या बर्थवरच्या सेन्सरकडे बघतच राहिला. "एसी ठणठणीत आहे, काका. इथे कुणीतरी झोपलंय असं याला वाटतंय. सदतीस डिग्री दाखवतोय." रिकाम्या गादीवर टेकवलेला हात त्याने झटकन मागे घेतला. "ऊब आहे हो!"

"असणारच," सासरे म्हणाले. "हळू बोला, उठेल ती."

नवरा नेहमीसारखा खिडकीबाहेर बघू लागला. मी सासऱ्यांचा गारठलेला हात धरला.

"बाबा, आई गेल्या. दोन महिने झाले."